मायकेल फॅरडे व त्याची टांचणवही



शास्त्र हा विषय कठीण आहे, अशी तक्रार शाळांतून नेहमीं ऐकूं येते. परीक्षा जवळ आली म्हणजे व्याख्या घोकावयाच्या, आकृत्या गिरवावयाच्या, आणि परीक्षा संपली कीं दोन्ही विसरून जावयाच्या, असा क्रम पुष्कळ घरांतून चालतो. गुण कमी पडले म्हणजे मुलगा आपल्या स्मरणशक्तीला दोष देतो व वडील त्याच्या बुद्धीला. अभ्यासाची रीतच चुकली असेल, हा विचार मात्र थोड्यांच्याच मनांत येतो. ज्याला शाळा जवळ जवळ मिळालीच नाहीं, ज्याची स्मरणशक्ति तरुणपणापासून दगा देत असे आणि ज्याला उच्च गणिताचा गंध नव्हता, असा एक लोहाराचा मुलगा अभ्यासाच्या चांगल्या संवयींच्या बळावर विद्युच्छास्त्राचा आधारस्तंभ झाला. त्याचें नांव मायकेल फॅरडे. त्याचें चरित्र पाहिलें म्हणजे रीतीचें महत्त्व आपोआप पटेल.

मायकेलचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहरालगतच्या न्यूइंग्टन बट्स या वस्तींत झाला. त्याचे वडील जेम्स हे लोहारकाम करीत. परंतु त्यांची प्रकृति नेहमीं नादुरुस्त असल्यामुळें कामांत वरचेवर खंड पडे. १८०१ सालीं धान्याची महागाई झाली, तेव्हां या नऊ वर्षांच्या मुलाच्या वांट्यास आठवड्याचा एक पाव येई, व तोच त्याला सात दिवस पुरवावा लागे. शाळेंत तो वाचन, लेखन व थोडेंसें अंकगणित एवढेंच शिकला. त्याहून अधिक शिकविण्याचें सामर्थ्य आईबापांना नव्हतें.

१८०४ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, रीबो नांवाच्या एका पुस्तकविक्याच्या दुकानांत तो निरोप्या म्हणून लागला. त्या काळीं वर्तमानपत्रें महाग असल्यामुळें तीं भाड्यानें वाचावयास देत. तीं घरोघर पोंचविणें व वाचून झालीं म्हणजे परत आणणें, हें त्याचें काम. पुढील वर्षीं रीबोनें त्याला पुस्तकबांधणीचा धंदा शिकण्यासाठीं सात वर्षांच्या करारानें उमेदवार म्हणून ठेवून घेतलें. अशा करारासाठीं मालक लोक बरीच रक्कम मागत. परंतु मुलाची इमानी चाकरी पाहून रीबोनें एक पैसाहि घेतला नाहीं.

पुस्तकें बांधणारे लंडनमध्यें पुष्कळ होते. पण बांधावयास आलेलीं पुस्तकें उघडून वाचणारे त्यांत किती असतील? मायकेल दिवसभर पानें शिवी, आणि काम संपलें कीं तींच पानें वाची. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या विश्वकोशांतील विजेवरील लेख त्याच्या हातीं असाच आला. जेन मार्सेट या विदुषीनें रसायनशास्त्रावर संवादरूपानें लिहिलेलें पुस्तकहि त्यानें येथेंच वाचलें. वाचनाची आवड असणारीं मुलें आपल्यांतहि आहेत. परंतु मायकेलचा विशेष वाचनांत नव्हता; वाचलेलें पडताळून पाहण्यांत होता. पुस्तकांत एखादा प्रयोग आला, कीं आपल्या तुटपुंज्या पैशांत तो करतां येईल कीं काय, हें तो आधीं पाही. बाटल्यांचा उपयोग करून त्यानें घर्षणानें वीज उत्पन्न करणारें एक लहानसें यंत्र बनविलें. १८१२ सालीं जस्ताच्या सात चकत्या, तांब्याचीं सात अर्धपेनी नाणीं व मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागदाचे तुकडे एकावर एक रचून त्यानें विद्युद्घटमाला तयार केली, व तिच्या प्रवाहानें एका क्षाराचें पृथक्करण केलें. मार्सेटबाईंच्या पुस्तकांतील विधानें स्वतःच्या प्रयोगांनीं खरीं ठरलीं, म्हणून त्या पुस्तकावर त्याची श्रद्धा बसली. छापलेलें आहे म्हणून खरें मानावयाचें, ही वृत्ति त्याच्या ठिकाणीं नव्हती.

या सुमारास आयझॅक वॅट्स या ग्रंथकाराचें मनाच्या सुधारणेवरील एक पुस्तक त्याच्या वाचनांत आलें. मन लावून वाचावें, व्याख्यानें ऐकावींत, जाणत्या मित्रांशीं चर्चा करावी व पत्रव्यवहार ठेवावा, आणि जें जें महत्त्वाचें आढळेल तें वहींत टिपून ठेवावें, असा त्यांतील उपदेश होता. असा उपदेश आपणहि पुष्कळ वाचतों आणि पुस्तक मिटतों. मायकेलनें तो अक्षरशः अमलांत आणला. १८०९ सालीं त्यानें एक टांचणवही घातली, आणि वर्तमानपत्रांत, मासिकांत व ग्रंथांत शास्त्रविषयक जें जें दिसे तें तींत उतरून घेण्यास आरंभ केला. आपली स्मरणशक्ति भरंवशाची नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. पण तेवढ्यावरून तो रडत बसला नाहीं. जें डोक्यांत राहत नाहीं तें कागदावर राहील, अशी त्यानें व्यवस्था केली.

१८१० सालीं टेटम नांवाच्या गृहस्थाच्या घरीं पदार्थविज्ञानावर सायंकाळचीं व्याख्यानें होत असल्याचें त्याला कळलें. प्रत्येक व्याख्यानाची फी एक शिलिंग होती. उमेदवाराजवळ शिलिंग कोठून असणार? त्याचा वडील भाऊ रॉबर्ट हाहि लोहारकामच करी. त्यानें ते पैसे दिले. त्याच वर्षीं त्यांचे वडील वारले. अशा दिवसांत भावाच्या घामाचा शिलिंग खर्चून ऐकलेलें व्याख्यान वायां घालवावयाचें नाहीं, असा मायकेलचा निर्धार होता.

त्याची टिपण घेण्याची रीत प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. व्याख्यान चालूं असतां तो प्रत्येक वाक्य लिहूं पाहत नसे. मुख्य मुख्य शब्द, प्रयोगांचीं नांवें व त्यांचे परिणाम एवढेंच टिपी. घरीं आल्यावर त्या शब्दांवरून अधिक विस्तृत टिपणें तयार करी. नंतर या टिपणांच्या आधारें सर्व विषय सुसंगत वाक्यांत, स्वतःच्या भाषेंत लिहून काढी. अशा रीतीनें एकच व्याख्यान तीन वेळां त्याच्या मनांतून जाई. जेथें दुवा तुटे तेथें आपल्याला काय समजलें नाहीं, हें त्याचें त्यालाच कळे.

उपकरणांच्या आकृत्या नीट काढतां याव्यात म्हणून रीबोच्या घरीं राहणाऱ्या मास्केरिये नांवाच्या फ्रेंच चित्रकाराकडून त्यानें रेखाचित्रकला शिकून घेतली. त्याचा मोबदला पैशानें देतां येईना. म्हणून तो त्या चित्रकाराचे बूट पुशी व खोली झाडी. शेवटीं टेटमच्या व्याख्यानांचीं हीं टिपणें त्यानें स्वतःच्या हातानें चार भागांत बांधलीं व आपल्या मालकास अर्पण केलीं.

टेटमच्या येथें त्याला समानशील मित्र भेटले. त्यांपैकीं बेंजामिन ॲबट याचें शिक्षण मायकेलहून चांगलें झालें होतें. आपले विचार स्पष्ट व शुद्ध भाषेंत मांडतां यावेत, या हेतूनें १८१२ सालापासून मायकेल त्याला नियमानें पत्रें लिहूं लागला. या पत्रांत नवे प्रयोग असत, शंका असत, आणि स्वतःच्या उणिवांची मोकळी कबुलीहि असे. जें मित्राला समजेल असें सांगतां येत नाहीं, तें आपल्यालाहि पुरतें समजलेलें नाहीं, ही खूणगांठ त्यानें बांधली होती.

१८१२ च्या वसंत ऋतूंत त्याच्या आयुष्याला वळण मिळालें. सर हंफ्रे डेव्ही हे त्या काळचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ. रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत त्यांचीं व्याख्यानें ऐकण्यास लंडनचे प्रतिष्ठित लोक गर्दी करीत. दुकानांत येणाऱ्या डान्स नांवाच्या एका गिऱ्हाइकानें मायकेलची ज्ञानलालसा पाहून त्याला चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. सभागृहाच्या सज्जांत बसून त्यानें तीं चारहि व्याख्यानें ऐकलीं, आणि आपल्या नेहमींच्या रीतीनें टिपणें काढून, आकृत्यांसह सुमारें तीनशें पृष्ठांचा ग्रंथच तयार केला.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत उमेदवारीचीं सात वर्षें संपलीं. दुसऱ्या एका बुकबाइंडराकडे त्यानें नोकरी धरली. पण तो मालक तापट, आणि अभ्यासास वेळ मुळींच मिळेना. ज्ञानाच्या मार्गांतील कोणतेंहि हलकें काम चालेल, असा अर्ज त्यानें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना केला. त्याला उत्तरहि आलें नाहीं. आतां आपल्याला जन्मभर पुस्तकेंच बांधावीं लागणार, असें त्याला वाटूं लागलें.

डिसेंबर महिन्यांत त्यानें धीर करून डेव्हीसाहेबांनाच पत्र लिहिलें, आणि त्याबरोबर त्यांच्याच व्याख्यानांचा तो बांधलेला ग्रंथ पाठविला. डेव्हीसाहेब चकित झाले. त्यांनीं त्याला भेटीस बोलावलें. परंतु त्या वेळीं जागा रिकामी नव्हती, म्हणून हातचा धंदा सोडूं नये, असाच सल्ला दिला. पुढें दोन महिन्यांतच प्रयोगशाळेंतील साहाय्यकाला भांडणावरून काढून टाकावें लागलें, तेव्हां डेव्हीसाहेबांना त्या बुकबाइंडराची आठवण झाली. ता. १ मार्च १८१३ रोजीं मायकेल फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें आठवड्यास २५ शिलिंग वेतनावर साहाय्यक झाला. शिफारसपत्र देणारा थोर आप्त त्याला नव्हता. त्याची टांचणवही हेंच त्याचें शिफारसपत्र ठरलें.

त्या वर्षाच्या अखेरीस तो डेव्हीसाहेबांबरोबर युरोपच्या प्रवासास निघाला. दीड वर्षाच्या या प्रवासांत त्याला पुष्कळदां नोकराचीं कामें करावीं लागलीं, अपमानहि गिळावे लागले. पण त्याच प्रवासांत तो फ्रेंच व इटालियन भाषा शिकला, आणि अँपिअर व व्होल्टा या थोर शास्त्रज्ञांना त्यानें प्रत्यक्ष पाहिलें.

प्रयोगशाळेंत आल्यावरहि फॅरडेची रीत बदलली नाहीं. १८२१ सालीं त्यानें विजेच्या प्रवाहानें तार चुंबकाभोंवतीं सतत फिरत ठेवून दाखविली; विजेच्या मोटारीचें बीज तें हेंच. विजेपासून चुंबकत्व उत्पन्न होतें, तर चुंबकापासून वीज कां होऊं नये, हा प्रश्न त्याच्या मनांत घर करून बसला. १८२४, १८२५ व १८२८ या सालीं त्यानें प्रयत्न केले. तिन्ही खेपेस अपयश आलें, व तें त्यानें जसेंच्या तसें वहींत नोंदून ठेवलें. शेवटीं ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें एका लोखंडी कड्यावर समोरासमोर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एक वेटोळें बॅटरीस जोडलें, व दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसूची ठेवली. बॅटरी जोडतांच सूची हलली व लगेच स्थिर झाली. बॅटरी तोडतांच पुन्हां हलली. प्रवाह एकसारखा चालूं असतां मात्र ती स्वस्थ राही.

ही क्षणिक हालचाल किती सहज नजरेआड होते, याचें एक उदाहरण आहे. कोलाडन नांवाच्या स्विस शास्त्रज्ञानें १८२५ सालीं असाच शोध चालविला होता. चुंबकाचा सूचीवर परस्पर परिणाम होऊं नये म्हणून त्यानें ती दुसऱ्या खोलींत ठेवली होती. इकडे चुंबक हलवून तो तिकडे पाहावयास जाई, तोंवर सूची पूर्वस्थितीस आलेली असे. शोध त्याच्या घरीं येऊन परत गेला. फॅरडे सूचीवर नजर ठेवून होता. शिवाय सूची कां हलली याइतकेंच, ती मध्यंतरीं कां हलत नाहीं, हेंहि त्यानें स्वतःला विचारलें. चुंबकत्वांत बदल होत असतो तोंवरच वीज उत्पन्न होते, हें तत्त्व त्यांतून निघालें. त्यानंतर दोन महिन्यांत त्यानें चुंबकाच्या ध्रुवांमध्यें तांब्याची तबकडी फिरवून सतत प्रवाह मिळविला. वीज निर्माण करणारीं प्रचंड यंत्रें याच तत्त्वावर चालतात. आपल्या खोपोलीस पाण्याच्या शक्तीनें अशीं यंत्रें फिरून १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळूं लागली, तिचाहि उगम त्या लोखंडी कड्यांतच आहे.

१८३२ सालापासून फॅरडेनें आपल्या प्रयोगवहींतील प्रत्येक परिच्छेदास अनुक्रमांक घालण्यास आरंभ केला. १८६० पर्यंत हे आंकडे सोळा हजारांच्या पुढें गेले. क्रमांक दिल्यामुळें दहा वर्षांपूर्वींची नोंदहि ताबडतोब सांपडे, आणि एका प्रयोगाचा दुसऱ्याशीं मेळ घालतां येई. यशाप्रमाणेंच अपयशाचीहि नोंद होई. या संवयीचें फळ कधीं कधीं फार उशिरां मिळालें. दुर्बिणीसाठीं उत्तम कांच बनविण्यांत त्यानें १८३० पूर्वीं कांहीं वर्षें घालविलीं. त्या श्रमांतून त्या वेळीं विशेष कांहीं हातीं लागलें नाहीं. परंतु त्याच जड कांचेचा एक तुकडा १८४५ सालीं त्यानें चुंबकाच्या ध्रुवांजवळ ठेवून त्यांतून प्रकाश सोडला, तेव्हां चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हें प्रथम सिद्ध झालें. १८६२ सालीं, वार्धक्यांत, चुंबकामुळें ज्वालेच्या वर्णपटांतील रेषांत कांहीं फरक पडतो कीं काय, हें त्यानें पाहिलें. फरक दिसला नाहीं, व तसें त्यानें लिहून ठेवलें. पुढें झेमान या डच शास्त्रज्ञानें फॅरडेच्या या प्रयत्नाची हकीकत वाचून १८९६ सालीं अधिक सूक्ष्म उपकरणांनीं तोच प्रयोग केला, आणि तो फरक त्याला दिसला. या शोधाबद्दल १९०२ सालीं नोबेल पारितोषिकांत त्याला वांटा मिळाला. अपयश खोडून टाकणाऱ्या मुलांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत धरावी.

आपल्याला समजलेलें दुसऱ्यास समजावून देण्याची फॅरडेची आवड शेवटपर्यंत टिकली. नाताळच्या सुटींत मुलांसाठीं भरणाऱ्या व्याख्यानमाला त्यानें १८२७ ते १८६० या काळांत १९ वेळां चालविल्या. एका साध्या मेणबत्तीवरील त्याचीं सहा व्याख्यानें १८६१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. ही हातोटी जन्मजात नव्हती. वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे त्यानें धडे घेतले होते; बोलण्याची गति वाढली तर सावध करण्यासाठीं मंद बोलण्याची सूचना लिहिलेलें पत्र समोर ठेवण्याची व्यवस्थाहि त्यानें केली होती.

या चरित्राला एक दुसरी बाजू आहे, ती झांकणें योग्य होणार नाहीं. अतिश्रमानें १८४० च्या सुमारास फॅरडेची प्रकृति ढांसळली, स्मृति अधिकच क्षीण झाली, आणि कांहीं वर्षें संशोधन जवळ जवळ बंद ठेवून त्याला विश्रांतीसाठीं स्वित्झर्लंडला जावें लागलें. नियमित अभ्यास म्हणजे रात्रंदिवस स्वतःला पिळणें नव्हे, हा बोध त्यांत पालकांनीं घ्यावा. गणिताची उणीवहि भरून निघाली नाहीं. त्याच्या कल्पनांना गणिताचें रूप पुढें मॅक्सवेलनें दिलें. म्हणून फॅरडेला गणित येत नव्हतें, ही सबब कोणा विद्यार्थ्यानें आपल्या शिक्षकांपुढें करूं नये!

कीर्ति झाल्यावरहि तो साधाच राहिला. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यानें नाकारलें. ज्या संस्थेनें त्याच्या अर्जाला उत्तरहि दिलें नव्हतें, तिनेंच हा मान देऊं केला होता. १८५८ सालीं व्हिक्टोरिया राणीनें दिलेल्या हँप्टन कोर्ट येथील घरांत, ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं, आपल्या खुर्चींत बसल्या बसल्या त्यानें शांतपणें देह ठेवला.

मित्रांनो, फॅरडेची बुद्धि आपल्या वांट्यास येईल न येईल. त्याची वही मात्र प्रत्येकास घालतां येईल. वर्गांत मुख्य शब्द टिपा, आणि त्याच सायंकाळीं पुस्तक मिटून तो धडा स्वतःच्या मराठींत लिहा. जेथें लेखणी अडेल तेथें खूण करा व दुसऱ्या दिवशीं शिक्षकांना विचारा. प्रयोगांत जें दिसलें तेंच लिहा. पुस्तकांतील उत्तराशीं जुळावें म्हणून आंकडे फिरवूं नका. आठवड्यांतून एकदां एखाद्या मित्रास किंवा धाकट्या भावंडास तो भाग समजावून सांगा. पालकांनींहि किती गुण पडले याच्या आधीं, आज काय पाहिलेंस व तें कशावरून खरें मानलेंस, एवढें मुलाला विचारावें. मुलाच्या उत्तरांत चूक निघाली तरी रागावूं नये, कारण ती चूक सांपडणें हाच अभ्यासाचा आरंभ होय. याला खर्च येतो तो एका वहीचा व अर्ध्या घटकेचा. रॉबर्टनें आपल्या भावासाठीं दिलेल्या एका शिलिंगाहून तो खचित अधिक नाहीं.